डाव्या खांद्यावरची पाकळी

मी सगळा जन्म देवांना चमत्कार पुरवले. ही थाप नाही, धंदाच तो होता. अंधेरीच्या एका स्टुडिओत पौराणिक मालिका व्हायच्या. त्यातला वारा, धुकं, वीज, आकाशातून पडणारी फुलं, देवीच्या मुकुटावरून सुटून बरोबर भक्ताच्या ओंजळीत उतरणारी जास्वंद, हे सगळं माझ्याकडे. साहित्य काय, तर मोठाले पंखे, तंगुसाची न दिसणारी दोरी, डिंक आणि हॅलोजनचा दिवा. देव नुसते मेकअप करून उभे राहायचे आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे बिडी मागायचे.

थाप हवी असेल तर ही घ्या. एकदा राक्षसाच्या दरबारात मी असा वारा सोडला की राक्षसाची मिशी उडाली, पत्र्याच्या फटीतून बाहेर पडली आणि थेट विमानतळावर जाऊन एका विमानाच्या नाकाखाली चिकटली. डिंक माझा होता, निघतोय कशाला. अडीच तास विमान धावपट्टीवर उभं. आत बसलेल्यांना काही कळेना, आणि बाहेरचे लोक विमानाला साहेब म्हणायला लागले.

ही गोष्ट नाहूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ आहे. लोक हसतात आणि दूध आणायला निघून जातात. सुनंदाबाई तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आल्या, त्यांनी ती ऐकली तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "वारा कुठल्या दिशेचा होता?"

"पश्चिमेचा."

"मग विमानतळापर्यंत ठीक आहे. पण अडीच तास म्हणालात ना, तिथे पकडले गेलात."

"का बरं?"

"खरं सांगणाऱ्याला 'बराच वेळ' एवढंच आठवतं. आकडे थापाड्यालाच पाठ असतात. तुम्ही आकडा सांगितलात की मी समजते."

छातीवर हात ठेवून सांगतो, इतक्या बारकाईने आयुष्यात माझं कोणी ऐकलं नव्हतं. आमच्या जानकीनेसुद्धा नाही. ती बिचारी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता 'हो का' म्हणायची. ती गेली आणि घरात 'हो का' म्हणायलाही कोणी उरलं नाही. मूलबाळ नाही. माझं घर एवढं शांत, की फ्रीजची घरघर थांबली की मी दचकतो.

आमच्या कंपाउंडमध्ये रवळनाथाची घुमटी आहे. बिल्डिंगमधले निम्मे लोक माझ्यासारखेच, बाप गिरणीत, आजा कोकणात. गिरण्या गेल्या, परळ सुटलं, नाहूरला घरं घेतली, आणि आपला देव आपल्याजवळ असावा म्हणून काळ्या दगडाची हातभर उंचीची मूर्ती घडवून आणली. घुमटीसमोर सिमेंटचा बाक आहे. संध्याकाळच्या चहानंतर दिवेलागणीपर्यंत त्या बाकावर मी थापा मारायच्या आणि बाईंनी त्यांचे टाके उसवायचे, असं बरीच वर्षं चाललं.

बाईंनी घाटकोपरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेलं. देवाच्या दारात बसायच्या, पण देवाकडे पाठ करून, कारण बाकाचं तोंड गेटकडे. मी एकदा विचारलं, "बाई, तुमचा नेमका पंथ कोणता?"

"निसर्गवाद."

"म्हणजे झाडंबिडं?"

"झाडं, दगड, तुम्ही, मी, तुमच्या थापा. जे आहे ते सगळं ह्या एकाच निसर्गात. त्याच्या बाहेर दुसरं दालन नाही, की तिथून कोणी हात घालून इथली वस्तू हलवेल. पाकळी पडली. कशाने पडली? वाऱ्याने. वारा कशाने सुटला? उन्हाने. असं कितीही मागे जा, साखळी कुठे तुटत नाही. मध्ये देवाचं बोट सापडत नाही."

"मध्ये माझं बोट सापडतं."

"तुमचं बोट निसर्गातच आहे हो. प्रत्येक चमत्कारामागे कोणीतरी डिंकवाला असतो, असं मी वर्गात सांगत आले. प्रत्यक्ष डिंकवाला इथे नाहूरला भेटला."

हे वाक्य घरी जाऊन कुणालातरी सांगावंसं वाटलं. फ्रीजला सांगितलं.

असंच एकदा मी त्यांना अडवलं. "मग माया कुठे बसते, बाई? तीसुद्धा डिंकच?"

"खाली मेंदूतली रसायनं, वर माया. खालचं काही न हलता वरचं बदलत नाही, एवढंच माझं म्हणणं. टीव्हीवरचा माणूस हसला तर पडद्यावरचे ठिपके बदललेच पाहिजेत. पण म्हणून हसणं म्हणजे नुसते ठिपके, असं म्हणणारे शहाणेही आहेत, ते मला पटत नाहीत. टेबल म्हणजे अणू, कबूल. चहा आपण टेबलावरच ठेवतो."

"आणि एकटेपणा? तो कुठे ठेवता?"

"त्याची जागा मला अजून नीट सापडलेली नाही," म्हणाल्या. "पण आहे म्हटल्यावर कुठेतरी असणारच. हवेत तर नाही ना राहणार."

वरती त्यांच्या घरी नवऱ्याच्या फोटोला चंदनाचा हार आहे. निसर्गवादात हार बसतो का, म्हणून मी चिडवायचो. त्या म्हणायच्या, "हार फोटोला घातलाय, त्यांना नाही. ते केव्हाच निसर्गात मिसळले." पण दर रविवारी त्या हाराची धूळ रंगाच्या ब्रशने झाडत, हे मी पाहिलंय.

मग बाई बाथरूममध्ये घसरल्या. मनगट दुखावलं. त्यांची मुलगी गार्गी बंगळुरूला असते, ती फोनवर हट्टच धरून बसली, आई, आता एकटी राहू नकोस, इकडेच ये. कायमची.

बाईंनी बाकावर बसून कागद काढला, मधोमध रेघ मारली. एका बाजूला जाण्याची कारणं, दुसऱ्या बाजूला राहण्याची. तिकडे गार्गी, नात, जवळ डॉक्टर. इकडे आपली भाषा, जुनी पुस्तकं, भाजीवाली शेवंती, जिला कुठली मेथी हवी ते सांगावं लागत नाही. राहण्याच्या बाजूला शेवटी एक ओळ रिकामी होती.

"ही कशाला सोडली?" मी विचारलं.

"काही राहून गेलं असेल तर," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत थांबल्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सोपं होतं. बाई, जाऊ नका, मला बोलायला कोणी नाही. बस्स. पण जन्मभर वाकडं बोललेल्या जिभेला सरळ शब्द जड जातात. मी देवनारच्या कत्तलखान्यातून पळालेल्या बोकडाची गोष्ट काढली. तो आमच्या स्वर्गाच्या सेटवर शिरला, एकशे सतरा किलो झेंडू खाल्ला आणि अप्सरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. दिग्दर्शक म्हणाला, डावीकडून चौथी जरा मान वर कर. बाईंनी बोकड शांतपणे ऐकून घेतला आणि कागदाची घडी घातली.

पुढे बरेच दिवस तो कागद उघडायचा आणि मिटायचा. शेवटी त्या वैतागल्या. "दोन्ही बाजू सारख्याच भरतात हो. आता नाणं उडवते."

"नाण्याला काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर. कारणं समसमान झाली की न कळणाऱ्यालाच विचारावं."

"मग आमच्या रवळनाथाला विचारा. कौल लावू."

कौल म्हणजे काय, तर गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि देवाला प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कोकणात ह्यावर लग्नं ठरतात आणि विहिरी खोदतात.

बाईंचे डोळे चमकले. "म्हणजे पाकळी सुकेल तशी सुटणार. दगडाचा खडबडीतपणा, पाण्याचा थेंब, हवा. नाण्यापेक्षा बघायला मजा येईल. पण पंखा नको, आणि तुम्ही पाकळ्यांना हात लावायचा नाही."

"छे छे. गुरवाशिवाय कोणी लावतच नाही."

हेही खरंच होतं. पाकळ्यांना मी हात लावला नाही. हात लावला तो दगडाला.

आमचा गुरव म्हणजे किरण. सोमवार ते शनिवार अंधेरीच्या एमआयडीसीत पंप तपासतो आणि रविवारी देव. त्या रविवारी सकाळी देवाची आंघोळ उरकून तो स्वतःचे ओले कपडे बदलायला वर गेला, तेवढ्यात मी घुमटीत शिरलो. हिशोब सरळ होता. बाई जाणार असतील तर उजवी पडणार. तेव्हा उजवी पडताच कामा नये. बाभळीचा डिंक पातळ करून उजव्या खांद्यावर एक हात दिला आणि फुंकर मारून सुकवला. दिसायला काही नाही. ओली पाकळी टेकली की पोस्टाच्या तिकिटासारखा धरणार. देवाला मनातल्या मनात म्हटलं, बाबा, तुझ्यासारख्या कितीकांची कामं मी बिनबोभाट केली, एक माझं होऊ दे.

बाई खाली आल्या, बाक फिरवता येत नव्हता म्हणून पहिल्यांदाच देवाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आणखी कोणी नव्हतं. किरणने तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या भिजवून दोन्ही खांद्यांवर लावल्या, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा. ही बाय तुका मानीत नाय, पण तुझ्या दारात बसता."

"व्हय म्हाराजा," मी एकट्यानेच म्हटलं.

"तिका परमुलखात जावचा काय हयसरच रवाचा, ह्याचो निवाडो तू कर. जावचा आसात तर उजवो दी, रवाचा आसात तर डावो दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बाईंनी घड्याळ बघितलं. पलीकडे नव्या टॉवरचं काम चालू होतं, तिथला लिफ्टचा भोंगा तेवढा वाजत होता. किती वेळ गेला आठवत नाही. आणि मग एका पाकळीचं टोक उचललं गेलं, ती कलली, आणि देवाच्या पायाशी पडली. मी सुटलो. ज्या खांद्याला डिंक होता त्याची नव्हती, दुसरी होती. मी बाईंकडे वळून हसायलाच लागलो होतो.

"उजवो दिल्यान," किरण म्हणाला. "जावचा."

"डावा रे, किरण. डावी पडली."

"काय काका, देवाचा उजवा बघायचा. आपला नाय." त्याने मूर्तीशेजारी पाठ टेकून उभं राहत स्वतःचा उजवा खांदा थोपटला. "हो बघा. तुमच्या डाव्या हाताक येता."

स्टुडिओत उजवं म्हणजे कॅमेऱ्याचं उजवं. तिथे ओरडतात, फूल उजवीकडून सोड, की आपण कॅमेऱ्यामागे उभे राहून उजवीकडून सोडायचं. देवाला त्याची उजवी बाजू कोण विचारतो. सगळा जन्म मी देवांना समोरून पाहिलं. त्यांच्या जागी उभं राहून एकदाही पाहिलं नाही. मी डिंक लावला होता तो देवाच्या डाव्या खांद्याला. राहण्याची पाकळी मीच माझ्या हाताने बांधून ठेवली होती.

किरण प्रसाद आणायला गेला. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या देवाच्या डाव्या खांद्यावर उरलेल्या पाकळीकडे बघत होत्या. "ही पण सुकली की आता," म्हणाल्या. "ही का पडत नाही?" त्या पुढे झाल्या, चष्मा वर करून पाकळी जवळून बघितली, कडेला नख लावलं, मग बोट नाकाशी नेलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "राहण्याची पाकळी चिकटवलेली आहे, मार्तंडराव."

मी डिंकाचा हात पाठीमागे नेला.

"मला घालवायची एवढी घाई होती, तर सांगायचं होतंत. कागदावर लिहिलं असतं." आणि त्या लिफ्टकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाकावर मी एकटा. तिसऱ्या दिवशीही. शेवंती विचारून गेली, बाई आजारी आहेत काय? मी म्हटलं, वाचतायत. चौथ्या दिवशी मी वर जाऊन बेल मारली. बाईंनी दार उघडलं, पण 'बसा' म्हणाल्या नाहीत.

"डिंक तुमचाच?"

"माझाच."

"पाकळी कशाने अडली ते कळलं. कशासाठी अडवलीत, ते सांगा."

"तुम्ही राहावं म्हणून."

"म्हणून राहण्याचीच पाकळी अडवलीत?"

मी सगळं सांगितलं. कॅमेऱ्याचं उजवं, देवाचं उजवं, फुंकर मारून सुकवलेला डिंक. सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं की हे कसं वाटतंय. राक्षसाच्या मिशीवर माणसाचा विश्वास बसेल, ह्यावर बसायचा नाही.

बाई म्हणाल्या, "तुमची आजवरची ही सगळ्यात मोठी थाप."

"बाई, बघा, ह्यात आकडा एकही नाही."

"ती खूण मीच तुम्हाला सांगून बसले. आता ती पुरावा राहिली नाही."

"मग देवाशप्पथ."

"कुणाची?"

क्षणभर आम्ही दोघं हसणार होतो. हसलो नाही.

"असं बघा," त्या म्हणाल्या, वर्गात बोलत असाव्यात तशा, पण भिंतीकडे बघत. "मी जावं म्हणून लावलात, तरी डिंक तेवढाच, जागा तीच. मी राहावं म्हणून लावलात आणि चुकलात, तरी डिंक तेवढाच, जागा तीच. त्या दगडाचा कण न् कण तपासला तरी दोन्हींत फरक सापडणार नाही. फरक असेल तर तुमच्या डोक्यात आहे. तिथे मला बघता येत नाही."

"मी सांगतोय ना तिथलं."

"तुम्ही मला बोकडाचंही सांगितलं होतंत, मार्तंडराव."

त्याच संध्याकाळी त्यांनी गार्गीला येते म्हणून कळवलं. हे मला किरणकडून समजलं.

गार्गी रजा काढून आली. गुणी मुलगी. 'काका, तुम्ही किती करता आईसाठी,' म्हणत तिने मला खोकी बांधायला बसवलं. मी बांधत होतो. दोरीच्या गाठी मला चांगल्या येतात. बाई कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या आणि माझ्याशी फक्त दोरी, कात्री, टेप, इतकंच बोलत होत्या. पुस्तकांची कपाटं रिकामी झाली. भिंतीवर आता फोटो तेवढा राहिला होता.

"मार्तंडराव," बाई पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या, "तो ह्यांच्या फोटोचा हार उजव्या खांद्यावरून घसरलाय, जरा नीट करता? माझं मनगट वर जात नाही."

मी स्टुलावर चढलो. उजव्या बाजूचा हार धरला, वर ओढला, खिळ्याला अडकवला. उतरलो, लांबून पाहिलं, तर हार पार तिरका झालेला. एका बाजूने लोंबतोय, दुसऱ्या बाजूने कानापर्यंत चढलाय. नीट होता तोच खांदा मी बिघडवला होता.

मागे कागदाची सळसळ थांबली होती. वळून पाहिलं तर बाई हातात अर्धी गुंडाळलेली बशी घेऊन फोटोकडे बघत उभ्या.

"तुमच्या उजवीकडचा ओढलात," म्हणाल्या.

"उजवाच म्हणालात ना?"

"ह्यांचा उजवा म्हणाले मी."

बोलता बोलता माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी काही म्हणायच्या आत त्या खोक्यावर बसल्या. बशी मांडीवर ठेवली.

"विचार करून चुकला नाहीत तुम्ही," म्हणाल्या. "चुकायला वेळच नव्हता तुम्हाला. हात आपला आपण गेला." मग बशीवरचा कागद सोडवत, "सापडला फरक."

"म्हणजे बाई, हार मुद्दाम..."

"हार मी सकाळी काठीने सरकवला. खोटेपणा तुम्ही एकट्यानेच करायचा असं कुठे लिहिलंय?"

आतून गार्गीने हाक मारली, "आई, मिक्सर न्यायचा की काकांना द्यायचा?"

"काकांना," बाई म्हणाल्या. "त्यांच्या घरी आवाज नाही."

त्यांनी पर्समधून तो घडी घातलेला कागद काढला. दोन्ही बाजू भरलेल्या, आणि राहण्याच्या बाजूला शेवटची ओळ तशीच कोरी. माझ्या हातात पेन दिलं. मी खोक्यावर कागद ठेवून लिहिलं, मला बोलायला कोणी नाही. अक्षर वाकडं आलं, पण वाचण्यासारखं. बाईंनी ते वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण वाक्य छोटं होतं आणि वेळ बराच लागला.

"एवढंच होतं?" म्हणाल्या.

"एवढंच."

"हे त्या दिवशी लिहिलं असतंत, तर बेरीज बदलली असती."

"मग आता बदला."

"आता गार्गीला शब्द दिलाय. तिने माझ्यासाठी खालच्या मजल्यावरचं घर घेतलंय, नात रोज विचारतेय. शब्द कुठे असतो ते मला वर्गात कधी नीट सांगता आलं नाही. पण मोडला की दोघांना कळतं. म्हणजे आहेच तो." त्यांनी कागद पुन्हा घडी करून पर्समध्ये ठेवला. मग स्टूल माझ्याकडे सरकवलं. "आता ह्यांचा हार तेवढा सरळ करा. त्यांच्या बाजूने."

मी स्टुलावर चढून फोटोच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, जसा किरण मूर्तीशेजारी राहिला होता तसा. तिथून खोली वेगळीच दिसत होती. खोकी, दोऱ्या, आणि मधोमध बसलेल्या बाई. हात मागे नेऊन अंदाजाने हार सरळ केला. मग तो फोटोही काढून गुंडाळला.

बाई गेल्या त्याला आता बरेच महिने झाले. मिक्सर मी संध्याकाळी थोडा वेळ लावतो, आत काही न घालता. शेजारच्यांनी विचारलं तर सांगतो, बंगळुरूहून आलेली सव्वीस प्रकारची चटणी वाटतोय. मग बाकावर जाऊन बसतो. थापा सुचतात, नाही असं नाही. पण वाऱ्याची दिशा विचारणारं कोणी नसलं की मिशी उडतच नाही, जागच्या जागी पडते.

डावी पाकळी मात्र अजून आहे. सुकून काळी पडली, कागदासारखी झाली, कडा वळल्या, पण सुटत नाही. किरण म्हणाला, काका, घाण दिसता, कोमट पाण्याने काढून टाकू? मी म्हटलं, हात लावायचा नाही. कौल अर्धा झालाय, उजवा पडला, डावा अजून देवाकडे बाकी आहे. किरण माझ्याकडे बघून म्हणाला, असा कौल नसता काका, एक पडलो की संपला. पण त्याने हात लावला नाही. रविवारी मूर्तीला आंघोळ घालताना तो खांदा तेवढा कोरडा ठेवतो.

रविवारी दुपारी बाईंचा फोन येतो. नात कशी आहे, तिकडे मेथी कशी मिळते, ते सांगतात. मी एखादी थाप सांगतो, त्या आकडा पकडतात. फोन ठेवायच्या आधी एक प्रश्न ठरलेला.

"पडली का हो?"

आता मी कोण, ते तुम्हाला माहीत आहे. कापसाचा एक ओला बोळा पुरे. पाच मिनिटांचं काम. आणि नाही केलं तरी नुसतं 'पडली' म्हटलं तर त्यांना तिकडून काय दिसणार आहे? जन्मभर मी ह्याहून अवघड फुलं पाडली. पण ही आपली आपण पडू दे असं वाटतं. ऊन, पाऊस, दगडाचा खडबडीतपणा, जे काय असेल त्याने. मध्ये माझं बोट नको.

"नाही अजून," मी म्हणतो.

"डिंक चांगला होता तुमचा," बाई म्हणतात, आणि मग आम्ही दोघं जरा वेळ फोन तसाच कानाला धरून बसतो.